मोहझरीचं पाणी

"ओ पाव्हणे! बैलं तिथंच थांबवा!"

जयवंताचा आवाज असा खणखणीत होता, की गाडीवाल्याच्या आधी बैलच थबकले.

ती कुंडाच्या काठावर उभी होती. पदर कमरेला खोचलेला, हातात खराटा आणि पायाशी उंबराच्या गळलेल्या फळांचा ढीग. चैत्रातली दुपार कलायला लागली होती. डोंगराच्या अंगानं येणाऱ्या गाडवाटेवरून एक हलकी रेंगी थेट कुंडापर्यंत चढून आली होती. तिला जुंपलेले दोन पांढरेशुभ्र बैल – शिंगांना रंग, गळ्यात झेंडूच्या माळा, पाठीवर गुलाल. आणि हाकणारा? तो तर केसांपासून हनुवटीपर्यंत असा माखला होता, की चेहरा सोडून बाकी सगळं दिसत होतं.

"बैलाले पानी पाजतो, बाई. लय दूरून आले हायत."

"पाजा ना, नाई कोन म्हन्ते? पन जनावरं खालच्या दोणीवर पेतात. वरचं पानी मानसाचं."

"हे साधे जनावरं नाई." गाडीवाल्यानं एका बैलाच्या मानेवर थाप मारली. "आज शंकरपटात पह्यला नंबर मारला यायनं. बंद्या, साऱ्या जोड्या मांगं टाकल्या."

"मंग सांगा त्यायले," जयवंता खराटा टेकवत म्हणाली, "मोहझरीत पह्यला नंबर झऱ्याचा असते."

तो हसला. गुलालात पांढरे दात चमकले, आणि जयवंताला उगीचच पदर सारखा करावासा वाटला. तो मुकाट्यानं खाली उतरला, बैल सोडले आणि दगडी दोणीवर नेले. बैल सुर्रसुर्र आवाज करत पाणी पीत राहिले. तो त्यांच्या पाठीवरून हात फिरवत उभा. स्वतः मात्र पाण्याला शिवला नाही.

दारी आलेला माणूस तहानलेला जाणं मोहझरीत कधी घडलं नव्हतं. जयवंतानं पितळी तांब्या कुंडात बुडवला आणि पायऱ्या उतरून त्याच्यापुढे धरला.

"घ्या. गाव कोन्तं म्हनलं तुमचं?"

"धोंडसावंगी."

"अगं बाई…"

एवढंच म्हणाली ती. पण त्या दोन शब्दांत काहीतरी होतं. तांब्याकडे आलेला त्याचा हात अर्ध्या वाटेवरच थांबला.

"राहू द्या."

"काऊन? काय झालं?"

"गावाचं नाव आइकलं अन् तुमचा चेहरा बदलला. कीव करून देल्लं पानी मले पचत नाई, बाई."

जयवंताच्या कानशिलांवर रक्त चढलं. त्यानं शांतपणे बैल जुंपले, रेंगीवर उडी मारली आणि कासरा हातात घेतला.

"मोहझरीचं पानी सोडून जानारा मानूस म्या आजवर पाह्यला नाई!" ती मागून म्हणाली.

"मंग आज पाहून घ्या."

"नाव तरी सांगून जा!"

"रूपराव."

तिनं त्याच्या गुलाल थापलेल्या कपाळापासून धुळीनं भरलेल्या पायांपर्यंत नजर फिरवली. "बंदं रूप नावातच ठेवलं का मायबापानं?"

"उरलंसुरलं गुलालाखाली हाय!" रेंगी उतारावर लागली तरी त्याचा आवाज आलाच. "धुतलं का दाखवून जाईन कधी…"

भरलेला तांब्या हातात घेऊन ती बराच वेळ तशीच उभी राहिली. राग आला होता तिला. नक्की रागच होता… मग घरी जाताना ओठ सारखे मुडपून का धरावे लागत होते, ते मात्र कळेना.

मोहझरीचा झरा होताच तसा, मिरवावा असा. टेकडीच्या पोटातून, जुन्या उंबराच्या मुळ्यांखालून पाणी यायचं. कुंडाच्या तळाशी पांढरी वाळू सारखी उसळत असायची, खाली कोणी चूल पेटवलीय असं वाटावं. पण हात घातला की बोटं बधिर व्हायची. ऐन उन्हाळ्यात भोवतालच्या सागाची पानं वाळून चुरा झाली, तरी कुंडाच्या दगडी फटींतले नेचे हिरवेगार. कुंड भरून पाणी दोणीत उतरायचं, दोण भरून नाल्यात, आणि थोडं पुढं गेलं की रेतीत जिरून जायचं. गिरडच्या टेकडीवर दर्ग्याला जाणारे लोक वाट वाकडी करून इथं थांबायचे. ओंजळभर पाणी डोळ्यांना लावायचे.

कुंडाची राखण पिढ्यान्‌पिढ्या जयवंताच्या घराकडे होती. वडील नत्थूजी गावचे सरपंच. शेती बरी, शब्दाला वजन. जयवंता त्यांची एकुलती एक. समुद्रपूरला राहून मॅट्रिक झालेली. स्थळं येत होती आणि ती मोडत होती. एका गावचं पाणी जड, डाळ शिजत नाही. दुसऱ्या गावची विहीर वेशीबाहेर. आई, देवकाबाई, कपाळावर हात मारून घ्यायची. "लोकायच्या पोरी नवरा पाह्यतात, आमची पोट्टी पानी पाह्यते!"

आणि धोंडसावंगी? ती डोंगराच्या पायथ्याशी, कोसभर खाली. तिथं कुठंही कुदळ मारा, खाली काळा पाषाण. होळी झाली की विहिरी तळाला जायच्या. मग सावंगीच्या बाया बैलगाड्यांवर टिपाडं लादून मोहझरीला यायच्या आणि मोहझरीच्या घागरी भरून झाल्या की, सगळ्यात शेवटी, आपल्या भरायच्या. कोणी त्यांना नाही म्हणत नसे. पण शेवटी उभं राहणं ते शेवटीच. त्या गावात मुलगी द्यायला कोणी धजत नसे. सावंगीच्या लेकी लग्न होऊन जायच्या. सून मात्र क्वचितच यायची.

त्या उन्हाळ्यात, एकोणीसशे शहात्तर सालच्या, सावंगीच्या गाड्यांबरोबर एक नवा गाडीवान यायला लागला.

पहिल्या दिवशी जयवंतानं त्याला ओळखलंच नाही. सावळा, सरळ नाकाचा, दाट भुवयांचा एक तरणा पोरगा रांगेच्या शेवटी आपल्या आईशेजारी उभा होता. तो तिच्याकडे बघून हलकंच म्हणाला, "धुतलं म्हनलं… पाहून घ्या."

जयवंतानं मान फिरवली. पण पाण्यात पडलेल्या सावलीत तिनं त्याला पुरतं पाहून घेतलं. आणि सावलीतल्या त्यानंही तिला पाहताना पकडलं.

मग रोजचंच झालं. तो बायांची टिपाडं उचलून गाडीवर चढवायचा. म्हाताऱ्यांच्या घागरी भरून द्यायचा. ती कुंडाच्या पायरीवर बसून कोणाची पाळी ते सांगायची. तो कधी पळसाच्या पानात चारोळ्या आणायचा, कधी पिकलेली टेंभरं. पायरीच्या कोपऱ्यावर ठेवून, काही न बोलता निघून जायचा.

"हे कायले?" तिनं एकदा विचारलंच.

"झऱ्याले नैवेद्य."

"झऱ्याले टेंभरं आवडतात असं कोनं सांगितलं?"

"काल ठेवलेल्यायच्या बिया दिसल्या पायरीखाली. झऱ्यानंच खाल्ली असतीन… नाई तं कोन खाईन?"

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. जयवंता लालेलाल झाली. तो मात्र अजूनही त्या पाण्याचा थेंब तोंडात घालत नव्हता. घरून आणलेल्या तुंब्यातलं गढूळ, कोमट पाणी प्यायचा. तिला ते खुपायचं. आणि खुपता खुपता आवडायचंही.

वैशाखात एका संध्याकाळी अवकाळी आला. आभाळ एकाएकी काळं झालं, वाऱ्यानं सागाची पानं भिरभिरली आणि टपोरे थेंब कुंडावर ताडताड आपटायला लागले. बाया गाड्यांखाली शिरल्या. जयवंता उंबरामागच्या कपारीकडे धावली… आणि तिथं तो आधीच उभा होता.

दोघांच्या मधे हातभर अंतर होतं. पाऊस वाढला तसं ते थोडं कमी करावं लागलं.

"तुमी इतके ताठ काऊन असता?" ती समोर पाहतच म्हणाली. "तहान लागली तं पानी मागाव मानसानं."

"तू मागशीन?"

"तू" कधी आलं ते दोघांनाही कळलं नाही.

"मले कधी मागाचीच येळ आली नाई."

"म्हनूनच." त्यानं मग नाल्याकडे बोट दाखवलं. "ते पाह्य. दोणीतून उतरते अन् रेतीत मरते. रात्रंदिवस. आमच्या गावाले पुरून उरन एवढं पानी. पाइपातून आनलं तं नुस्त्या उतारानं सावंगीत येईन. इंजिन नाई लागत, काई नाई. लय खेप मनात येते, नत्थूजींसमोर जाव अन् बोलाव. पन आमच्या मायबहिनी वर्सानुवर्स शेवटी उभ्या राह्यल्या. आता भीक मांगून पानी नाई न्यायचं. मानानं येईन तं येईन."

"अन् नाई आलं तं?"

"तं मी असाच. दोन घरून नकार आला मले. एका बापानं तोंडावर सांगितलं, पोरगा चांगला हाय, पन पोरीच्या डोक्यावर कोसभर घागर नाई देत." तो हसायचा प्रयत्न करत होता. "खरंच बोलला बिचारा. मले राग नाई आला."

जयवंतानं पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ पाहिलं. त्याच्या पापण्यांवर पावसाचे थेंब अडकले होते. कोणीतरी ते टिपायला हवे होते… तिनं हात मागे बांधून घेतले.

"मले येईन," ती पुटपुटली.

"काय?"

"राग. तुमच्या जागी मी असती तं मले आला असता."

पाऊस थांबला तरी दोघं जरा वेळ तसेच उभे राहिले. थांबलाय हे आधी कोणी म्हणावं, एवढाच प्रश्न होता.

अशी गोष्ट दोन गावांत लपून राहत नाही. सावंगीचे म्हातारे अण्णाजी, रूपरावाचे चुलते, आषाढ लागायच्या आत नत्थूजींच्या ओसरीवर येऊन बसले. देवकाबाई आतून रडायलाच लागल्या. "माझी पोर त्या गावात? झऱ्याच्या काठची पोर घागरी वाहीन?"

नत्थूजींनी बराच वेळ सुपारी कातरली. मुलीचा चेहरा त्यांनी पाहिला होता; पाइपाची गोष्टही तिच्याच तोंडून ऐकली होती. माणूस अभिमानी होता; मुलीला कोरड्या गावात देणं त्यांना पचत नव्हतं आणि तिचं मन मोडणंही. शेवटी त्यांनी मार्ग काढला.

"पोरगी देतो," ते म्हणाले. "अन् पोरीच्या आंदणात झऱ्याचं रेतीत जानारं पानी देतो. मोहझरीची लेक जिथं जाईन तिथं पानी जाईन. ग्रामसभेत मंजूर करून घेतो मी."

अण्णाजींनी डोक्यावरची टोपी काढली. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहायला लागलं.

चार दिवस जयवंता जमिनीवर नव्हती. पाचव्या दिवशी सावंगीच्या बाया कुंडावर आल्या आणि तिच्याभोवती गोळा झाल्या. कोणी गालावरून हात फिरवला, कोणी कानशिलावर बोटं मोडून दृष्ट काढली.

"लक्षुमी हायस माय तू! तुया पायानं पानी येनार."

"आमच्या रूपरावनं बराबर हेरली," दुसरी कौतुकानं म्हणाली. "दोन जागी नकार आला, पन तिसऱ्या खेपेले पानीवाली पोरगी आनली पठ्ठ्यानं!"

सगळ्या हसल्या. जयवंताही हसली. पण ते हसू ओठांवरच वाळलं.

पानीवाली पोरगी.

चारोळ्या, टेंभरं, ती कपार, पापण्यांवरचे थेंब… सगळं तिच्या मनात उलटं फिरायला लागलं. पाइपाची गोष्ट त्यानं कोणाला सांगितली होती? तिलाच. सरपंचाच्या मुलीला.

दुसऱ्या दिवशी ती गाडवाटेवर त्याची वाट पाहत उभी राहिली. त्यानं गाडी थांबवली, हसत खाली उतरला. ती हसली नाही.

"एक इचारते. खरं सांग." आज "तुमी" निघून गेलं होतं. "तुले मी पाह्यजे का पानी?"

त्याचं हसू गेलं. बैलांच्या घंटा किणकिणल्या. तो कितीतरी वेळ जमिनीकडे पाहत राहिला. "तू" म्हणायला एवढा वेळ लागतो? एक खोटं, गोड वाक्य तो सहज बोलू शकला असता.

"दोन्ही," तो म्हणाला. "खोटं नाई बोलत. सपनात तू येते तवा पानीबी येते. माझ्या गावाले बाजूले काढून मी तुयाकडं पाहू नाई शकत, जयवंता."

"मंग एक घे," ती मान ताठ करून म्हणाली. "दोन्ही एका पुड्यात बांधून नाई भेटत. मी आंदणासंगं येनारी गाय नाई… अन् पान्यासंगं येनारी पोरगीबी नाई."

ती वळली. मागून हाक येईल असं तिला वाटलं होतं. आली नाही.

ग्रामसभा शाळेपुढच्या निंबाखाली भरली. बाया एका बाजूला पदर सावरून बसल्या होत्या. सावंगीचे अण्णाजी आणि चार माणसं लांब उभी. त्यांच्यात रूपरावही होता. नत्थूजी उठले आणि मुलीच्या आंदणाचा विषय काढला. तेवढ्यात बायांमधून जयवंता उभी राहिली.

"बाबा, मले बोलाचं हाय."

कुजबुज झाली. नत्थूजी गोंधळले, पण त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"हा झरा कोनं आनला, बाबा? तुमच्या आज्यानं का पंज्यानं?"

"कोनंच नाई आनला. डोंगराचा हाय तो."

"मंग माझ्या आंदणात देनारे आपन कोन?"

निंबाखालच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं.

"आपल्याले झऱ्याचा लय गर्व हाय," ती बोलत राहिली. "मलेबी हाय. पन कशाचा? पानी हाय याचा? ते तं आपन केलं नाई. गर्व करावा तं याचा, का आपल्या दारातून कोनी तहानलेला गेला नाई. अन् खाली कोसभरावर सारं गाव तहानलेलं हाय, बाया वर्सानुवर्स शेवटी उभ्या हायत, अन् आपलं पानी रेतीत जाऊन राह्यलं! पानी द्या त्यायले. पोरीसंगं नाई, तसंच द्या. शेजाऱ्यानं शेजाऱ्याले देल्यासारखं. अन् माझी सोयरीक… ते आज मोडली समजा."

देवकाबाईंच्या तोंडून हुंदका निघाला. गावातले बंडूजी, ज्यांना प्रत्येक नव्या गोष्टीची धास्ती वाटायची, ते तावातावानं उठले. "अन् झरा रुसला तं? देवाचं पानी पाइपात घातलं अन् आटलं तं कोन जिम्मेदार?"

"रेतीत जाते तवा नाई रुसत, बंडूकाका. मानसाच्या तोंडात गेल्यावर रुसन का?"

कोणीतरी हसलं. मग पुष्कळजण हसले. नत्थूजी मुलीकडे पाहत होते. त्यांचे डोळे भरले होते, पण छाती फुगली होती. त्यांनी सगळ्यात आधी आपला हात वर केला. मग एकेक करत निंबाखाली हातच हात उभे राहिले. बंडूजींचाही, शेवटी, खांद्यापर्यंत.

जयवंतानं लांब उभ्या असलेल्या माणसांकडे पाहिलं. रूपराव तिच्याकडे पाहत नव्हता. त्यानं दोन्ही हात जोडले होते, सगळ्या गावाला, आणि मान खाली होती.

पीक निघाल्यावर काम सुरू झालं. पंचायत समितीनं सिमेंटचे पाइप दिले; खोदकाम सावंगीनं अंगावर घेतलं. म्हातारे, बाया, पोरं – कुदळी घेऊन अख्खं गाव डोंगराला भिडलं. दोणीजवळचा सगळ्यात कठीण पाषाण रूपराव फोडत होता. जयवंता कुंडावर रोज यायची. घणाचा आवाज तिच्या छातीत वाजायचा. एकदाच तो वर आला.

"पाइप दोणीच्या खालून घेतो. कुंडाले कोनी हात नाई लावनार."

"माहीत हाय मले."

तो थांबला. ती थांबली. मग तो खाली गेला. ती पायरीवर बसून राहिली, आणि उंबराची पिकली फळं पाण्यात टपकत राहिली.

संक्रांतीच्या सुमाराला पाणी सावंगीतल्या नव्या टाकीत पोचलं. दुसऱ्या दिवशी सावंगीच्या बाया ठेवणीतली लुगडी नेसून वर आल्या, पहिल्यांदाच, घागरी न घेता. त्यांनी झऱ्याची खणानारळानं ओटी भरली आणि मोहझरीच्या एकेकीला तिळगूळ दिला. रूपरावाच्या आईनं, रुख्माबाईंनी, जयवंताच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि तो हात दाबून धरला.

आता येईल, जयवंताला वाटलं. पाणी मिळालं. आता येईल तो फक्त माझ्यासाठी येईल.

माघ गेला. फाल्गुन आला, पळस पेटले. तो आला नाही. हिंगणघाटच्या एका कारकुनाचं स्थळ आलं – घरात नळ, पगार चांगला. देवकाबाई खूश होत्या. होकार कळवायचा तेवढा राहिला होता.

त्या दिवशी सकाळी जयवंतानं वेणी घातली, हिरवं लुगडं नेसली आणि आईला म्हणाली, "मी सावंगीले जाऊन येते."

"सावंगीले? आपलं कोन हाय तिथं?"

"तेच पाहाले जाते."

सावंगीच्या रस्त्यावरून ती भर उजेडात चालत गेली. टाकीजवळच्या बायांनी घागरी खाली ठेवल्या. कोणी काही विचारलं नाही, पण सगळ्या मागोमाग आल्या. रूपराव अंगणात बैलांना वैरण घालत होता. तिला पाहून त्याच्या हातातला कडबा गळून पडला.

"काऊन नाई आले तुमी?" तिनं अंगणाच्या कडेवरूनच विचारलं.

"कोन्त्या तोंडानं येऊ?" तो पडलेल्या कडब्याकडे पाहत म्हणाला. "तू म्हनली होती, एक घे. सभेत पानी भेटून राह्यलं होतं… मी पुढं होऊन म्हनू शकलो असतो, पानी नोको, मले जयवंता पाह्यजे. नाई म्हनलो. हात जोडून पानी घेतलं. तुले सोडून घेतलं. मंग आता तुया दारात येऊन काय सांगू?"

जयवंता त्याच्याकडे पाहत राहिली. इतके महिने तिला वाटत होतं, हा मला विसरला. आणि हा माणूस इतके महिने स्वतःलाच शिक्षा देत बसला होता! गावासाठी हात जोडताना त्याची मान का खाली गेली होती, ते तिला आज कळलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण त्याच वेळी ऊर अभिमानानं असा भरून आला, की सगळ्या सावंगीनं पाहावं.

"गावासाठी मले सोडलं नसतं," ती म्हणाली, "तं आज मीच आली नसती. बायको मिळते म्हनून बंद्या गावाची तहान इसरनारा नवरा मले नोको होता."

"जयवंता…"

"अन् पानी तं मोहझरीनं सावंगीले देल्लं. तुमाले काय भेटलं? तुमी तं एकबी नाई घेतलं अजून."

मागे कुणीतरी हसू दाबलं. रुख्माबाई दारात येऊन उभ्या होत्या, पदर तोंडाशी.

"मले कधी मागाची येळ आली नाई, असं मी म्हनली होती," जयवंताचा आवाज आता खाली आला, फक्त त्याच्यापुरता. "आज आली. मागून राह्यली… देता का?"

तो दोन पावलं पुढं आला. एवढ्या लोकांसमोर काय करावं ते न कळून, आपले कडब्यानं भरलेले हात त्यानं धोतराला पुसले. पुन्हा पुसले.

"दे ना गा, रूपराव!" एक म्हातारी करवादली. "पोट्टी उन्हात उभी हाय!"

"देल्लं," तो म्हणाला. "कधीचंच देल्लं हाय."

बैल जुंपायचं त्याला सुचलं नाही. दोघं पायीच निघाले, शेजारी शेजारी, डोंगर चढून, नत्थूजींच्या ओसरीपर्यंत. देवकाबाई दोघांना पाहून आत पळाल्या. नत्थूजींनी सुपारीचा अडकित्ता बाजूला ठेवला.

"गावासाठी आलास का, रूपराव?"

"नाई जी. गावाचं झालं. आज माझ्यासाठी आलो."

"आंदणात काय पाह्यजे?"

"काईच नाई."

"तसं नाई चालत. मोहझरीची लेक रिकामी नाई जात." नत्थूजींनी मुलीकडे पाहिलं. "तूच सांग, पोरी. काय देऊ?"

जयवंतानं थोडा विचार केला. "माझ्या मांगं सारं गाव पाठवा, बाबा. पायी. आपल्या गावानं आजवर सावंगीत पाय नाई टाकला. त्यायच्या घरचं जेवा, त्यायच्या घरचं पानी प्या."

लग्न वैशाखात, मोहझरीत लागलं. पाठवणीला डफडं वाजत पुढं, आणि मागं सगळी मोहझरी डोंगर उतरत होती – म्हातारे काठ्या टेकत, पोरं उड्या मारत, बंडूजी नवा फेटा बांधून. सजवलेल्या रेंगीत नवरी बसली होती. सावंगीच्या वेशीवर अण्णाजी आणि अख्खं गाव आरती घेऊन उभं होतं.

वेस अगदी जवळ आली आणि जयवंता म्हणाली, "गाडी थांबवा."

रूपरावानं कासरा ओढला. "काय झालं? आता चार पावलं राह्यली."

ती शालू सावरत खाली उतरली. डोक्यावरचा पदर नीट केला. मग मान वर करून, त्याच्याकडे पाहून हसली.

"तेवढीच चालते. उद्या कोनी इचारलं, तं बंद्यायले सांगजा. सावंगीत मले कोनं आनली नाई… मी आली."

आणि ती आपल्या पायांनी वेशीतून आत गेली.